तीन बोटे आणि एक सुपारी

हा अंक हातात आहे तोवर एक छोटेसे काम करून पाहा. आरशासमोर उभे राहा, तोंड जमेल तेवढे मोठे उघडा आणि आपल्याच हाताची तर्जनी, मधले बोट आणि अनामिका एकावर एक धरून वरच्या आणि खालच्या पुढच्या दातांच्या मध्ये घालून पाहा. निरोगी माणसाची तीन बोटे सहज आत जातात. दोनच जात असतील आणि गालाला आतून दोरी बांधल्यासारखे ताणत असेल, तर आजचे पान तुमच्यासाठी आहे. घरातल्या सगळ्यांना ही परीक्षा द्यायला लावा. मुलांना गंमत वाटते, मोठी माणसे टाळाटाळ करतात. टाळाटाळ करणाऱ्यांकडे जरा जास्त लक्ष द्या.

तोंड कमी उघडण्याची कारणे अनेक असतात. अक्कलदाढ सुजते, जबड्याचा सांधा अडकतो. ती दुखणी उपचाराने बरी होतात. पण आपल्या राज्यात, विशेषतः तरुण मुलांमध्ये, एक कारण फार वाढले आहे. त्याचे इंग्रजी नाव लांबलचक आहे, ओरल सबम्युकस फायब्रोसिस. तोंडाच्या आतल्या मऊ अस्तराखाली चिवट तंतूंचे जाळे साचत जाते. गाल पांढुरके आणि ताठ होतात, जीभ बाहेर काढता येत नाही, शिट्टी वाजत नाही, फुगा फुगवता येत नाही. सुरुवात मात्र फार साधी असते. तिखट सोसत नाही, रश्शाचा घोट घेतला की आग आग होते. लोक म्हणतात उष्णता वाढली असेल, आणि गुलकंद खातात.

या आजाराची आधुनिक वैद्यकातली पहिली नोंद १९५२ सालची आहे. श्वार्ट्झ नावाच्या डॉक्टरांनी केनियात राहणाऱ्या पाच भारतीय स्त्रियांच्या तोंडात तो पाहिला. लगेच पुढच्या वर्षी, १९५३ मध्ये, मुंबईचे कान-नाक-घशाचे डॉक्टर एस. जी. जोशी यांनी आपल्याकडचे रुग्ण नोंदवले आणि त्याला 'सबम्युकस फायब्रोसिस' म्हटले. नाव तेच टिकले. १९६६ मध्ये डेन्मार्कचे पिंडबोर्ग आणि मुंबईत कर्करोगावर संशोधन करणाऱ्या सत्यवती सिरसाट यांनी मिळून त्याची जी व्याख्या लिहिली ती आजही पुस्तकांत उतरवली जाते. म्हणजे हा आजार ओळखण्यात आपल्या मुंबईचा मोठा हात आहे, आणि तो जोपासण्यातही आपण मागे नाही.

आता मुळाशी जाऊ. गालात कुणी सुरी मारलेली नसते, भाजलेले नसते, मग आत वण कसा पडतो?

त्यासाठी साधी जखम कशी भरते ते पाहावे लागेल. जखम हा शब्द मराठीने फारसीतून घेतला, तोच उर्दूत जख्म झाला. मलम हा शब्दही मरहमचाच भाऊ. दोन्ही भाषांत जखम 'भरते' असेच आपण म्हणतो आणि ते शास्त्रशुद्ध आहे. कापलेल्या जागी आधी रक्त गोठते, मग साफसफाई करणाऱ्या पेशी येतात, आणि त्यांच्या मागोमाग फायब्रोब्लास्ट नावाच्या पेशी येतात. या शरीराच्या गवंडी. त्या कोलॅजन नावाच्या प्रथिनाचे दोर विणतात आणि खड्डा भरून काढतात. शरीरातल्या एकूण प्रथिनांपैकी पाव ते एक तृतीयांश हिस्सा एकट्या कोलॅजनचा आहे. कातडी, हाड, स्नायूंना हाडाशी बांधणारे पट्टे, सगळीकडे तेच. पहिल्या आठवड्यात हे काम अगदी कच्चे असते. जखम मिटलेली दिसते, पण तिची ताकद मूळ कातडीच्या शेकडा चार-पाचसुद्धा नसते. म्हणून टाके काढले तरी डॉक्टर वजन उचलू नका म्हणून बजावतात. तीन महिन्यांनी ती शेकडा ऐंशीच्या आसपास पोहोचते आणि तिथेच थांबते. पूर्वीसारखी शंभर टक्के कधीच होत नाही.

या तीन महिन्यांत काय चालते, तर पाडापाडी आणि पुन्हा बांधकाम. घाईत विणलेले कच्चे दोर तोडायचे, त्यांच्या जागी जाड दोर नीट दिशेने लावायचे. तोडण्याचे काम करणारी विकरे वेगळी असतात. (शाळेच्या पुस्तकात विकर, दवाखान्यात एन्झाइम. मुलांना मी दोन्ही शब्द लिहायला लावते.) ती सापडल्याची गोष्ट मोठी गमतीची आहे. बेडकाच्या पिल्लाला शेपटी असते आणि बेडूक झाला की ती नाहीशी होते, हे आपण सगळे चित्र काढून शिकलो. पण ती शेपटी जाते कुठे? गळून तर पडत नाही. १९६२ मध्ये जेरोम ग्रॉस आणि चार्ल्स लापिएर या दोघांनी त्या शेपटीचे तुकडे कोलॅजनच्या थरावर ठेवले आणि पाहिले, तर तुकड्यांच्या भोवतीचा थर विरघळला होता. शेपटीच्या पेशी कोलॅजन कापणारे विकर बाहेर सोडत होत्या. पिल्लू आपली शेपटी आतल्या आत मोडून खाते. पुढे माणसातही अशी वीसहून जास्त विकरे सापडली. त्यांना एमएमपी म्हणतात आणि कामासाठी त्यांना जस्त लागते. त्यांच्यावर लगाम म्हणून शरीराने दुसरे एक प्रथिन ठेवले आहे, टिम्प. एमएमपी कापते, टिम्प तिला धरून ठेवते. या दोघांच्या ओढाताणीवर वण मऊ राहणार की दगड होणार हे ठरते.

हा तोल दोन्ही बाजूंनी बिघडतो. मधुमेहाच्या माणसाच्या पायाची जखम महिनोन्महिने ओली राहते. तिच्यातल्या पाण्यात कापणारी विकरे फार वाढलेली सापडतात. गवंड्याने वीट ठेवली की मागून कुणीतरी काढून घेते. उर्दूत अशा न भरणाऱ्या जखमेला नासूर म्हणतात. उलट बाजूला विणकाम थांबतच नाही आणि कापणारे हात बांधलेले, त्याला फायब्रोसिस म्हणतात. यकृतात झाला की सिरोसिस. फुप्फुसात झाला की श्वास कोंडतो, कोविडनंतर काही घरांनी ते पाहिले. मूत्रपिंडात झाला की डायलिसिस. आणि गालात झाला की तोंड मिटत जाते.

वण ही मेलेली जागा आहे असे आपल्याला वाटते. तसे नाही, तिथे देखभाल आयुष्यभर चालू असते. १७४० ते १७४४ या काळात अ‍ॅन्सन नावाच्या इंग्रज दर्यासारंगाची जहाजे पृथ्वीप्रदक्षिणेला निघाली होती. ताजी फळे-भाजी नसल्याने खलाशांना स्कर्व्ही झाला. त्यांच्यात एक म्हातारा होता, जो पन्नास वर्षांपूर्वी, १६९० साली, आयर्लंडमधल्या बॉइनच्या लढाईत जखमी झाला होता. जखमा केव्हाच भरल्या होत्या. स्कर्व्ही झाल्यावर त्या पुन्हा उघडल्या, ताज्या जखमांसारख्या. प्रवासाच्या वृत्तांतात हे लिहून ठेवलेले आहे. क जीवनसत्त्वाशिवाय पक्के कोलॅजन बनत नाही. जुने थोडेथोडे झिजत राहिले, नवे बनेना, आणि पन्नास वर्षांची शिवण उसवली.

क जीवनसत्त्वाबरोबर त्याच विकराला आणखी दोन वस्तू लागतात, लोह आणि ऑक्सिजन. ऑक्सिजन नसेल तर कोलॅजनचे तीन धागे एकमेकांत नीट पिळले जात नाहीत. मग इथे एक कोडे उभे राहते. ऑक्सिजनशिवाय कोलॅजन होत नाही, तर जिथे ऑक्सिजन कमी पोहोचतो तिथे वण कमी व्हायला हवेत. प्रत्यक्षात उलटे दिसते. ऑक्सिजनची जरा ओढाताण असलेल्या जागी वण जास्त दाट होतो. माझ्या मते या विषयातला सगळ्यात सुंदर भाग हाच आहे, म्हणून जरा थांबून समजून घेऊ.

आपली पेशी ऑक्सिजन कसा ओळखते, या शोधासाठी २०१९ चा वैद्यकाचा नोबेल पुरस्कार विल्यम केलिन, पीटर रॅटक्लिफ आणि ग्रेग सेमेन्झा यांना मिळाला. पेशीत हिफ नावाचे एक प्रथिन सतत तयार होत असते आणि सतत नष्टही होत असते. ऑक्सिजन पुरेसा असला की एक विकर हिफवर खूण करते, आणि खूण झालेले हिफ काही मिनिटांत कचऱ्यात जाते. ऑक्सिजन कमी पडला की खूण करता येत नाही. हिफ वाचते, पेशीच्या केंद्रकात शिरते आणि आणीबाणीची घोषणा करते. नवे रक्त बनवा, नव्या रक्तवाहिन्या काढा, साखर वेगळ्या रीतीने जाळा. आणि त्याच घोषणेत पुढचे हुकूमही असतात. कोलॅजन पिळणारी विकरे वाढवा, दोरांना गाठी मारणारे विकर वाढवा, टिम्प वाढवा. विणकाम जोरात करा आणि कापणाऱ्यांना धरून ठेवा, असा त्याचा अर्थ.

आता कोडे. हिफवर खूण करणारे विकर आणि कोलॅजन पिळणारे विकर हे एकाच घराण्यातले. दोघांनाही लोह, क जीवनसत्त्व आणि ऑक्सिजन लागतो. पण दोघांची भूक सारखी नाही. खूण करणाऱ्याला ऑक्सिजन भरपूर लागतो, पिळणारे विकर त्यापेक्षा बऱ्याच कमी ऑक्सिजनवर भागवते. उन्हाळ्यात इमारतीतल्या पाण्याचा दाब कमी होतो तेव्हा तिसऱ्या मजल्याचा नळ आधी बंद पडतो आणि तळमजल्याचा चालूच राहतो, तसे हे आहे. ऑक्सिजन थोडा कमी झाला की वरचा नळ बंद, म्हणजे हिफ मोकळे सुटले आणि घोषणा झाली. खालचा नळ चालू, म्हणून कोलॅजनचे काम अडत नाही, उलट वाढते. ऑक्सिजन फारच कमी झाला तर मात्र दोन्ही नळ बंद. मधुमेहाच्या पायातली जखम न भरण्यामागे हेही एक कारण असते. सिगारेट ओढणाऱ्याच्या शस्त्रक्रियेची जखम उशिरा भरते, त्याचे एक कारणही इथेच.

ताज्या जखमेत ही आणीबाणी उपयोगाची असते. रक्तवाहिन्या तुटलेल्या असतात, मध्यभागी ऑक्सिजन कमी असतो, म्हणूनच तर दुरुस्ती वेगाने सुरू होते. नव्या वाहिन्या आल्या, ऑक्सिजन आला, घोषणा मागे घेतली, गवंडी घरी गेले. बिघाड होतो तो आणीबाणी संपत नाही तेव्हा. पेशीला ऑक्सिजन हवा तर तिच्यापासून एक-दोन दशांश मिलिमीटरच्या आत बारीक रक्तवाहिनी असावी लागते. मध्ये कोलॅजनचे जाड थर बसले, वाहिन्या दाबल्या गेल्या, की पेशी पुन्हा ऑक्सिजनसाठी तडफडतात, हिफ पुन्हा उठते आणि आणखी कोलॅजन विणले जाते. वणच वणाला खतपाणी घालतो.

आता सुपारीकडे येऊ. एका लहानशा फळात एवढ्या खोड्या एकत्र सापडाव्यात याचे मला नवल वाटते.

पहिली, अरेकोलिन. सुपारी चघळल्यावर जी हलकी तरतरी येते ती याची. चुन्याबरोबर त्याचे दुसरे एक रसायन बनते, आणि ही दोन्ही फायब्रोब्लास्ट पेशींना जास्त कोलॅजन विणायला लावतात. दुसरी, तांबे. सुपारीत तांबे इतर खाद्यफळांच्या मानाने बरेच जास्त असते. कोकणात आणि कर्नाटकात पोफळीवर कोळेरोग पडू नये म्हणून बोर्डो मिश्रण फवारतात, म्हणजे मोरचूद आणि चुना. त्यातलेही थोडे तांबे फळात उतरत असावे असे काही अभ्यासक म्हणतात. तांबे कशाला महत्त्वाचे? कोलॅजनच्या दोरांना एकमेकांशी गाठी मारणारे जे विकर आहे, लायसिल ऑक्सिडेज, ते तांब्यावर चालते. या आजाराच्या गालात ते वाढलेले सापडते. आणि मघाशी पाहिले तसे, हिफही त्यालाच वाढवते. दोन्हीकडून इंधन. गाठी मारलेला दोर कापणाऱ्या विकरांना सहज तुटत नाही.

तिसरी खोडी समजायला चामड्याच्या कामाची माहिती असलेल्यांना वेळ लागणार नाही. कच्चे कातडे दोन दिवसांत सडते. बाभळीच्या सालीच्या पाण्यात मुरवले की ते वर्षानुवर्षे टिकते, चप्पल होते, मशक होते. सालीतले टॅनिन कातड्यातल्या कोलॅजनला बांधून टाकते आणि सडवणाऱ्या विकरांना ते मग पचत नाही. सुपारीतला तुरटपणा टॅनिनचाच. ती गालात धरून बसणारा माणूस स्वतःचा गाल जिवंतपणी कमावत असतो, असे म्हटले तर फार अतिशयोक्ती होणार नाही.

चौथी, खरखरीत तुकड्यांनी रोज होणारे बारीक ओरखडे. त्यातून सूज येते आणि गवंड्यांना सतत बोलावणे जाते.

या सगळ्यात ऑक्सिजनचा दुवा २००८ मध्ये श्रीलंकेतील टिळकरत्ने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवला. या आजाराच्या गालांतून घेतलेल्या तुकड्यांत त्यांना हिफ वाढलेले आढळले. सूक्ष्मदर्शकाखाली रक्तवाहिन्या नक्की किती कमी झालेल्या दिसतात यावर अभ्यासकांत मतभेद आहेत, काहींना त्या पुरेशा दिसल्या. पण हिफ वाढलेले असणे ही गोष्ट दुसऱ्या कारणासाठीही काळजीची आहे. ज्या आणीबाणीत वण वाढतो, त्याच आणीबाणीचा फायदा कर्करोगाच्या पेशी घेतात. केरळात एर्नाकुलम जिल्ह्यातल्या अशा ६६ रुग्णांवर १७ वर्षे लक्ष ठेवले गेले. त्यांपैकी शेकडा ७.६ जणांना, म्हणजे पाच जणांना, तोंडाचा कर्करोग झाला. आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात तंबाखू नसलेले पान आणि खुद्द सुपारी, दोन्ही माणसात कर्करोग घडवणाऱ्या वस्तूंच्या यादीत घातल्या आहेत.

हे शेवटचे वाक्य मी आमच्या एका खालांना तीनदा वाचून दाखवले. वय पन्नाशीचे, घरात सगळ्यांचे करून मग स्वतः जेवायला बसणाऱ्या. जेवणानंतर सुपारीचे खांड, दुपारी एक, रात्री झोपताना एक, तीस वर्षांची सवय. बिर्याणीतली मिरची लागते म्हणून त्या दही कालवून खायला लागल्या होत्या आणि घास लहान लहान होत चालला होता, ते कुणाच्या लक्षात आले नाही. दाढ दुखली म्हणून दवाखान्यात नेले, तर डॉक्टरांना दाढेपर्यंत हत्यार नेता येईना. आजाराचे नाव कळले तेव्हा खाला मलाच रागावल्या. "तमाखू को तो हात बी नै लगाई मैं. सिरफ सुपारीच खाती." त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. पण या आजाराला तंबाखू लागतच नाही. गुटख्यातला, खर्‍यातला, माव्यातला जो भाग तोंड बंद करतो तो सुपारीचाच, तंबाखू आपली वेगळी हानी वरून करते. बायकांमध्ये हा गैरसमज फार खोल आहे. सुपारी ही हाजम्याची वस्तू, शगुनाची वस्तू, मेहमानांपुढे ठेवायची वस्तू, ती नशा कशी असेल? सकाळी मिळाली नाही की डोके धरते, यावरूनच ओळखावे.

राज्यात २०१२ पासून गुटखा आणि पानमसाल्यावर बंदी आहे. बंदी काय करते ते शाळेच्या फाटकाबाहेर पडून शंभर पावले चालले की कळते. माझी तक्रार वेगळीच आहे. गुटख्याच्या पुडीवर निदान ओरडणारे लोक आहेत. गोड सुपारीच्या रंगीत पुडीवर कुणी ओरडत नाही. आठवी-नववीच्या मुलामुलींच्या दप्तरात ती निघते आणि पालक म्हणतात, "टीचर, ती साधी आहे, बडीशेपेसारखी." मोठे झाल्यावर हीच मुले खर्‍याच्या टपरीवर जातात, कारण जिभेला चव आधीच लागलेली असते. वर्गात मी आता मोठ्याने वाचून घेताना तोंडाकडे पाहते. 'आ' म्हणताना जे मूल ओठच हलवते, त्याला मधल्या सुट्टीत बोलावून तीन बोटांची परीक्षा घेते. वर्गासमोर घेत नाही.

उपचार आहेत का? आहेत, पण चमत्कार नाही. पहिला उपचार सुपारी पूर्ण बंद, तंबाखूही बंद. नुसत्या तेवढ्याने आग कमी होते आणि आजार पुढे सरकणे मंदावते, पण साचलेले दोर आपोआप जात नाहीत. गालात टोचतात त्या इंजेक्शनांत सूज कमी करणारे स्टेरॉइड असते आणि बहुतेकदा हायलुरोनिडेज नावाचे विकर असते, जे तंतूंमधला चिकट मसाला सैल करते. पेंटॉक्सिफायलिन नावाची रक्तप्रवाह सुधारणारी गोळीही काही डॉक्टर देतात, त्यामागे मघाचाच ऑक्सिजनचा विचार आहे. फार पुढे गेलेल्यांचे पट्टे शस्त्रक्रियेने कापून तिथे दुसरीकडची कातडी बसवतात. आणि या सगळ्यांबरोबर तोंडाचा व्यायाम. तो सोडला तर शस्त्रक्रियेनंतरही तोंड पुन्हा आवळते, कारण नवी जखमही वणानेच भरणार.

तोडणाऱ्या-जोडणाऱ्या विकरांवर थेट औषध का नाही, असे हुशार मुले विचारतात. प्रयत्न झाले आहेत. १९९० च्या दशकात कर्करोग पसरू नये म्हणून एमएमपी रोखणारी औषधे दिली गेली. रुग्णांचे सांधे दुखू लागले, खांदे आखडले, आणि कर्करोगावर हवा तसा परिणाम दिसला नाही. दोरांना गाठी मारणाऱ्या घराण्यातल्या एका विकराला रोखणारे सिमटुझुमॅब नावाचे औषध फुप्फुस आणि यकृताच्या फायब्रोसिसवर वापरून पाहिले, तेही उपयोगी ठरले नाही. ही विकरे शरीरात शंभर ठिकाणी शंभर कामे करतात, एका ठिकाणची दुरुस्ती करताना दुसरीकडे मोडतोड होते. फुप्फुसाच्या फायब्रोसिससाठी पिरफेनिडोन आणि निंटेडॅनिब ही दोन औषधे २०१४ मध्ये अमेरिकेत मंजूर झाली आणि आता आपल्याकडेही मिळतात. ती आजाराची चाल मंद करतात, झालेला वण पुसत नाहीत.

खालांनी सुपारी सोडली ती मात्र स्वतःच्या हिशेबाने. रमजानच्या रोजात पहाटेपासून मगरिबपर्यंत तोंडात काही जात नाही आणि माणूस मरत नाही, हे त्यांनीच मला सांगितले. पहिले दहा दिवस इफ्तारनंतर हात डब्याकडे जायचा, तेव्हा त्या लवंग नाहीतर वेलदोडा धरायच्या. डब्यात आता सुया-दोरे असतात. व्यायामासाठी डॉक्टरांनी आइस्क्रीमच्या लाकडी काड्या दिल्या. एकावर एक रचून दातांमध्ये धरायच्या, पाच मिनिटे तशाच ठेवायच्या, दिवसातून चार-पाच वेळा, आणि आठवड्याला जमेल तशी एक काडी वाढवायची. त्यांच्या नातवाने भिंतीवर तक्ता लावला आहे. अकरा काड्यांवरून त्या पंधरावर आल्या आहेत. डॉक्टरांनी दर तीन महिन्यांनी तपासायला बोलावले आहे, कारण पांढरा किंवा लाल चट्टा, न भरणारा फोड दिसला तर वेळ घालवायचा नाही.

जाता जाता एका पत्राचे उत्तर. एका वाचक भगिनींनी विचारले आहे की मुलीचे कान टोचले, भोक भरले, पण आता पाळीवर बोरासारखी टणक गाठ वाढते आहे, ती कापून टाकावी का? तपासल्याशिवाय सांगता येत नाही, पण वर्णन केलॉइडचे वाटते. हा वण मूळ जखमेची हद्द ओलांडून पसरतो. त्याच्याही आत ऑक्सिजन कमी आणि हिफ जास्त असल्याचे सापडले आहे, त्यामुळे विषय आजचाच आहे. सोनाराकडे किंवा गल्लीतल्या कुणाकडे ती मुळीच कापू नका. नुसती कापली तर बहुधा परत येते, आणि पुष्कळदा पहिल्यापेक्षा मोठी होऊन. त्वचेच्या डॉक्टरांकडे जा. ते स्टेरॉइडची इंजेक्शने देतात, सिलिकॉनची पट्टी किंवा दाब देणारे कानातले वापरायला सांगतात, आणि कापायचीच असली तर त्याच्या जोडीने दुसरे उपचार करतात. धाकट्या मुलीचे कान टोचायचे आहेत असेही त्यांनी लिहिले आहे. घरात एकीला केलॉइड झाले असेल तर दुसरीलाही होण्याचा संभव जास्त असतो. अमेरिकेत २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका लहानशा पाहणीत अकराव्या वर्षाच्या आत कान टोचलेल्यांमध्ये केलॉइड कमी दिसले होते. धाकटी किती वर्षांची आहे ते पत्रात नाही. डॉक्टरांना मोठीचा कान दाखवायला जाल तेव्हा तिलाही सोबत न्या आणि आधी विचारा.